तृणराजाचे देशांतर

पुण्याहून बंगळुरास प्रथमच आलेला मनुष्य चामराजपेटेच्या जुन्या रस्त्यांवरून हिंडू लागला म्हणजे त्याला एका गोष्टीचा अचंबा वाटल्यावाचून राहत नाही. एखाद्या जुन्या घराच्या मागील अंगणात माड उभा असतो, आणि तो नुसता शोभेपुरता नव्हे, तर नारळांनी लगडलेला. पुढील दारी क्यूबा बेटातून आलेला, चुन्याने सारवल्यासारखा पांढुरका, सरळसोट ‘रॉयल पाम’ असतो; कुंपणाशी ऑस्ट्रेलियातला सिल्व्हर ओक असतो; आणि या तिघांच्या सावलीत गुलाब फुललेला असतो. माड हे समुद्राचे लेकरू, गुलाब हे थंडीचे लाडके. या दोघांनी एका अंगणात सुखाने नांदावे हे देशावरच्या माणसाला सहजासहजी पटत नाही. कोकणातल्या माणसाला तर मुळीच पटत नाही, कारण खारा वारा लागल्याशिवाय माड धरत नाही अशी त्याची पिढीजात समजूत असते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. त्याच्या वायव्येस असलेले तिपटूर तर सुक्या खोबऱ्याची मोठी पेठ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तेही जवळजवळ तितक्याच उंचीवर वसलेले आहे.

याचे कारण शोधू गेल्यास दोन आकडे पुरेसे होतात. पुण्याच्या हवामानाच्या नोंदींत १७ जानेवारी १९३५ या दिवशी पारा १.७ अंश सेल्सियसपर्यंत उतरल्याचे नमूद आहे. बंगळुरातील आजवरचे नीचतम तापमान १३ जानेवारी १८८४ चे, ७.८ अंशांचे आहे. म्हणजे पुण्याहून साडेतीनशे मीटरांनी उंच असलेले शहर थंडीच्या बाबतीत पुण्याहून सौम्य ठरते. उंची वाढली की हवा थंड होते हा नियम खोटा नव्हे. परंतु हवामान हे काही एकाच सूत्रावर चालत नाही. बंगळूर विषुववृत्ताला साडेपाच अंशांनी अधिक जवळ आहे. उत्तरेकडून येणारी कोरडी शीत लहर तेथवर पोहोचेपर्यंत तिची धार बोथट होते. त्यातच नोव्हेंबर-डिसेंबरात पूर्व किनाऱ्यावरून परतीच्या पावसाचे ढग येतात आणि रात्री जमिनीतली ऊब आकाशात निसटू देत नाहीत. पुण्याचे आकाश त्या दिवसांत निरभ्र, हवा कोरडी, आणि भोवताली डोंगर असल्यामुळे थंड हवा वाटीत पाणी साचावे तशी साचते. बंगळूर वाटीत नाही, पाठारावर आहे. उन्हाळाही तेथे पूर्वी मर्यादा पाळून असे. २४ एप्रिल २०१६ रोजी पारा ३९.२ अंशांवर गेला तेव्हा जुन्या रहिवाशांना ती मर्यादा मोडल्यासारखी वाटली असल्यास नवल नाही.

अशा या मध्यम हवेच्या गावी देशोदेशीची झाडे आणून लावण्याचा खटाटोप किमान अडीचशे वर्षे चालू आहे. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेले हे शहर १६३८ मध्ये विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले, हे मराठी वाचकास ठाऊकच असते. पुढे १६८७ मध्ये मोगल सरदार कासीम खानाने ते घेतले आणि लगोलग तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वाडियाराच्या पदरात टाकले. याच सुमारास मोगलांनी शिरे येथे सुभ्याचे ठाणे केले. तेथील मोगली बाग पुढे हैदर अलीच्या पाहण्यात आली आणि तिच्या धर्तीवर १७६० च्या सुमारास त्याने बंगळूरच्या किल्ल्याबाहेर, पूर्वेच्या अंगाला, सुमारे चाळीस एकरांची बाग आखली असे सांगतात. तीच आजची लालबाग. चामराजपेटेपासून ती फार लांब नाही. पायी चालत जाण्याजोगी आहे.

हैदराच्या मुलाने बापाचा हा छंद राज्यकारभाराच्या पातळीवर नेला. टिपूने १७८७ मध्ये फ्रान्सच्या राजाकडे वकील धाडले ते मुख्यतः इंग्रजांविरुद्ध मदत मागण्यासाठी. पण त्या मागण्यांच्या यादीत कारागिरांबरोबर माळी आणि बी-बियाणेही होते. सैन्याची मदत मिळाली नाही, झाडे मात्र मिळाली. इराण, तुर्कस्तान, मॉरिशस अशा नाना दिशांनी त्याच्याकडे रोपे येत. श्रीरंगपट्टण पडल्यानंतर पुढच्याच वर्षी, १८०० च्या मे महिन्यात, फ्रान्सिस बुकॅनन हा कंपनीचा डॉक्टर बंगळुरास आला. त्याने या बागा पाहून जे टिपण केले त्यात दोन गोष्टी मोलाच्या आहेत. एक अशी की, मुसलमानी पद्धतीप्रमाणे प्रत्येक जातीच्या झाडाला स्वतंत्र चौक दिलेला होता. गुलाबाच्या वाफ्यात गुलाबच, डाळिंबाच्या चौकात डाळिंबच. दुसरी अशी की, सरू आणि द्राक्षवेल येथे जोमाने वाढतात, सफरचंद आणि पीच यांना फळ धरते आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाहून नुकतेच आणलेले देवदाराच्या व ओकच्या कुळातील रोपेही तग धरून आहेत. दक्षिण युरोपातली बहुतेक फळे येथे होऊ शकतील असा अंदाजही त्याने बांधला. तो अंदाज अर्धाच खरा ठरला. सफरचंदाचे झाड येथे वाढले, परंतु सफरचंदाचा व्यापार काही बंगळुरात उभा राहिला नाही. फळ धरायला जी कडक थंडी लागते ती बंगळूर देऊ शकत नाही. सौम्यपणाला ही दुसरीही बाजू आहे.

कंपनीच्या अमलात बागेचे दिवस बरे-वाईट गेले. प्रथम बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे, नंतर मेजर वॉ याच्याकडे ती होती. १८१९ मध्ये वॉने ती गव्हर्नर जनरलच्या स्वाधीन केली आणि काही वर्षे ती कलकत्त्याच्या सरकारी बागेची शाखा म्हणून राहिली. त्या वेळी कलकत्त्याच्या बागेचा प्रमुख होता नॅथॅनिएल वॉलिक. हे नाव ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे त्याचा संबंध येतो. १८३० च्या दशकात एका कृषि-उद्यान मंडळीने बाग चालवली, ती मंडळी मोडली, आणि अखेर १८५६ मध्ये ह्यू क्लेगहॉर्न याच्या सल्ल्याने लालबाग सरकारी वनस्पति-उद्यान ठरले.

याच काळात पुण्याजवळही असा एक प्रयोग चालू होता, हे फारसे कुणाला आठवत नाही. दापोडीला १८२८ मध्ये, सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, मुंबई इलाख्याचे वनस्पति-उद्यान निघाले. अलेक्झांडर गिब्सन याने जुन्नरजवळ हिवरे येथे औषधी वनस्पतींची आणखी एक बाग केली. दापोडीच्या बागेतील झाडांची सुंदर रंगीत चित्रे एका चित्रकाराकडून काढवून घेतली गेली. ती आज एडिंबरोच्या उद्यानाच्या संग्रहात आहेत. चित्रे उरली, बाग राहिली नाही. १८६५ मध्ये ती मोडण्यात आली. महाबळेश्वरच्या लिंगमळ्यास सिंकोना लावण्याचा घाट त्याच सुमारास घातला गेला होता. हिवतापावरचे क्विनीन ज्याच्या सालीतून निघते ते हे झाड. महाबळेश्वरची थंडी त्याला मानवली असती, पण तेथील पाऊस मानवला नाही, आणि दहा-एक वर्षांत तोही प्रयोग गुंडाळावा लागला. झाडाला नुसती थंडी वा नुसती ऊब पाहून जागा देता येत नाही, हा धडा त्या काळी पुष्कळ खर्च करून मिळाला.

लालबाग टिकली याचे श्रेय क्यूच्या उद्यानात शिकून आलेल्या माणसांना द्यावे लागते. १८५८ मध्ये विल्यम न्यू आला. त्याच्या पश्चात १८७४ मध्ये जॉन कॅमरन आला आणि १९०८ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, राहिला. बंगळुरात घरोघरी जी ‘सीमे बदनेकायी’, म्हणजे विलायती वांगे, शिजते ती चौचौची भाजी मूळची मेक्सिकोकडची. तिचा बंगळुरात प्रसार करण्याचे श्रेय कॅमरनकडे जाते. भाजी खाणाऱ्यास त्याचे नाव माहीत नसते, आणि भाजी रुजवणाऱ्यास याहून मोठी पावती ती कोणती? त्याने बागेतील वनस्पतींची यादी १८८० मध्ये आणि पुन्हा १८९१ मध्ये छापली. मधल्या काळात बागेचा पसाराही वाढला आणि तिच्यात काचघर उभे राहिले. ३० नोव्हेंबर १८८९ रोजी इंग्लंडचा राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टर याच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि त्याचे ओतीव लोखंड ग्लासगोहून आले. चामराजपेटेच्या कडेने किल्ल्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यास त्याच राजपुत्राचे नाव होते. आता त्या रस्त्याला आलूर वेंकटराव यांचे नाव आहे. ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि टिळकांचे गीतारहस्य त्यांनी कानडीत नेले.

या काचघराची एक गंमत आहे. युरोपात काचघर बांधतात ते ऊब साठविण्यासाठी. क्यूच्या उद्यानातील प्रसिद्ध ‘पाम हाऊस’ १८४४ ते १८४८ या चार वर्षांत उभे राहिले ते ताड-माडांना इंग्लंडच्या हिवाळ्यापासून वाचविण्यासाठी. त्याच्या तळघरात भट्ट्या पेटवून नळांतून उष्णता खेळवीत. बंगळुरात माड उघड्यावर वाढतो, गुलाबही उघड्यावर वाढतो. तेव्हा काचेखाली ठेवायचे तरी काय? नव्याने आणलेल्या नाजूक रोपांना वाऱ्या-पावसापासून आसरा देणे इतकेच काम त्या घराला होते, आणि पुढे ते फुलांच्या प्रदर्शनाचेच घर होऊन बसले. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन यांच्या निमित्ताने तेथे लोटणारी गर्दी पाहिली म्हणजे त्या लोखंडाचे सार्थक झाले असे वाटते. मात्र ज्या कामासाठी अशी घरे जन्मास आली, त्या कामाची बंगळूरला गरज नव्हती.

काचघरानंतर तीनच वर्षांनी, १८९२ मध्ये, चामराजपेट वसली. दहावे चामराजेंद्र वाडियार यांचे नाव तिला दिले गेले. जुनी पेठ आणि किल्ला यांच्या बाहेर, आधी नकाशा आखून मग वसविलेला बंगळूरचा हा पहिला विस्तार. मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी प्लेगानंतर, १८९८ मध्ये आले. जुन्या पेठेत घरे भिंतीला भिंत लावून असत, झाडाला जागा नसे. येथे घराला पुढे-मागे अंगण मिळाले, आणि अंगण मिळाले म्हणजे माणसाला पहिल्याने झाड सुचते. मागे माड, कढीलिंब, केळ ही घराची झाडे. पुढे ताडाच्या कुळातले एखादे परदेशी झाड ही घराची अब्रू. लालबागेतून रोप मिळण्याची सोय होतीच. १९०८ पासून त्या बागेवर आलेला गुस्टाव्ह क्रुंबिगेल हा जर्मन गृहस्थ रस्त्याच्या दुतर्फा कोणते झाड लावले असता कोणत्या महिन्यात फुलेल याचा हिशेब करून झाडे निवडी, म्हणजे एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा चालू व्हावा. हा मनुष्य म्हैसूरला येण्यापूर्वी १८९३ पासून बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या पदरी बागांच्या कामावर होता. गायकवाडांनी पारखलेली माणसे इतर संस्थानांनी उचलावी हा त्या काळचा प्रघातच होता. महायुद्धाच्या काळात जर्मन म्हणून त्याला स्थानबद्धताही भोगावी लागली, तथापि तो परत गेला नाही. १९५६ मध्ये बंगळुरातच वारला.

आता मूळ तृणराजाकडे वळावयास हरकत नाही. अमरकोशात ताडाला ‘तृणराज’ म्हटले आहे आणि ताड, खजूर इत्यादिकांची गणना ‘तृणद्रुमां’त, म्हणजे गवताच्या जातीच्या झाडांत केली आहे. अर्वाचीन वनस्पतिशास्त्रही या कुळास गवताप्रमाणेच एकदल वर्गात घालते. हे वर्गीकरण नुसते पंडिती नाही; थंडीचा प्रश्न त्यातच दडलेला आहे. आंबा, वड, ओक यांच्या सालीखाली वाढीचा एक जिवंत थर असतो. फांदी मेली तरी झाड दुसरीकडून फुटते. ताड-माडांना तो थर नाही आणि फांद्याही नाहीत. त्यांचे सारे आयुष्य शेंड्यातल्या एका कोंबावर टांगलेले असते. गेंड्या भुंग्याने तो कोंब पोखरला की माड गेला, हे कोकणातल्या बागाईतदाराला कुणी सांगावे लागत नाही. भुंगा जे करतो तेच हिमवर्षावात थंडी करते. त्यातही कोरड्या थंडीपेक्षा ओली थंडी वाईट. नव्या पानाच्या सुरळीत पाणी साचते, गोठते, आणि मग कोंब कुजतो. म्हणूनच युरोपातले हौशी लोक हिवाळा आला की ताडाच्या बुंध्यापेक्षा शेंड्यालाच पेंढा बांधतात. मुंजीत बटूच्या डोक्याला जपतात तसा तो प्रकार दिसतो.

इटलीतील पादुआच्या उद्यानात १५८५ मध्ये लावलेला एक ठेंगणा ताड आजही जिवंत आहे. तो भूमध्य समुद्राकाठच्या जातीचा असूनही त्याच्याभोवती काचेचा मंडप आहे. जर्मन महाकवी गटे १७८६ मध्ये त्याच्यापाशी उभा राहिला आणि पानांची रूपे पाहून वनस्पतींच्या रूपांतराचा सिद्धांत त्याच्या मनात घोळू लागला, म्हणून त्या झाडाला त्याचेच नाव पडले आहे. आल्प्सच्या उत्तरेस मात्र ताड म्हणजे काचेखालची वस्तू, ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कायम होती.

ती मोडली एका चिनी झाडाने. क्यूचे पाम हाऊस पुरे झाले आणि पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, रॉबर्ट फॉर्च्युन याने चीनच्या चुसान बेटावरच्या पंख्यासारख्या पानांच्या ताडाची काही रोपे तेथे पाठविली. त्यातले एक राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न येथील बागेस द्यावे अशी त्याची विनंती होती. हा फॉर्च्युन म्हणजे ज्याने वेषांतर करून चीनमधून चहाची हजारो रोपे कंपनीसाठी हिंदुस्थानात आणली तोच. चहाच्या चोरीने तो इतिहासात गाजला, ताडाचे काम फक्त माळ्यांना माहीत राहिले. वस्तुतः जपानमार्गे त्या जातीचे रोप क्यूला १८३६ मध्येच आले होते, पण ते उष्ण देशीचे समजून जपले जात होते. फॉर्च्युनने त्या झाडाला त्याच्या स्वतःच्या गावी पाहिले होते. चिनी शेतकरी त्याच्या खोडावरच्या केसाळ सालीचे दोर वळतात, पावसाळी इरली करतात आणि त्याच झाडांवर हिवाळ्यात बर्फ पडते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. झाड कुठले आहे हे विचारण्यापेक्षा ते तेथे काय सोसते हे विचारणे अधिक महत्त्वाचे, ही त्याची दृष्टी. क्यूमध्ये उघड्यावर लावलेल्या एका झाडाने १८४९-५० चा हिवाळा आच्छादनाविना काढला. उणे पंधरा अंशांच्या आसपासची थंडीही हे झाड काही काळ सोसते, असे पुढे अनुभवास आले. आखाती प्रवाहाच्या उबेने सौम्य झालेल्या इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेसही ते आज उघड्यावर दिसते. मात्र टॉर्क्वेसारख्या गावी प्रवाशांना ‘ताड’ म्हणून दाखवितात ते बहुतेक न्यूझीलंडचे कॉर्डिलाइन असते. ते ताडाचे कुळच नव्हे.

त्या काळी युरोपात एक मत फार बोकाळले होते. झाडाला वा जनावराला हळूहळू थंडीची सवय लावली, एका पिढीनंतर दुसरी पिढी थोडी अधिक उत्तरेस नेली, की ते त्या हवेचे होऊन जाते, असे ते मत. १८५४ मध्ये पॅरिसमध्ये याच उद्दिष्टाने एक संस्थाही निघाली. साम्राज्ये पसरत होती. गोऱ्या माणसाने उष्ण देशात आणि उष्ण देशाच्या पिकाने थंड देशात रुळावे अशी इच्छा होती, आणि इच्छेला शास्त्राचा आधार मिळाला की ती फार बळावते. परंतु १८५९ च्या आपल्या ग्रंथात डार्विनने एक साधी वस्तुस्थिती मांडली. जोसेफ हूकरने हिमालयात निरनिराळ्या उंचीवरून गोळा केलेल्या एकाच जातीच्या बियांपासून इंग्लंडमध्ये देवदारासारखी झाडे व ऱ्होडोडेंड्रॉन वाढविले, तेव्हा त्यांची थंडी सोसण्याची ताकद निरनिराळी निघाली. झाडे आपल्या आयुष्यात काही शिकत नाहीत असे नाही, पण मोठा फरक बियाणे कोठल्या डोंगरावरचे, किती उंचीचे, यावरच पडतो. माळी झाडाला शिकवीत नाही, तो झाड निवडतो. लिंगमळ्याच्या सिंकोन्याला, बंगळूरच्या सफरचंदाला कितीही शिकविले असते तरी व्यर्थ होते.

चिनी ताडाचे सख्खे भाऊबंद हिंदुस्थानात आहेत, आणि ही गोष्ट फारच थोड्यांस माहीत असते. एक खासी टेकड्यांत आणि नेपाळात आढळतो. वर ज्याचे नाव आले त्या वॉलिकने तो नेपाळच्या बाजूने मिळविला, आणि ताडांचा तीन खंडांचा महाग्रंथ लिहिणाऱ्या जर्मन पंडित मार्टियसचे नाव त्याला दिले गेले. तो दिसायला देखणा, पण चुसानच्या भावाइतका काटक नाही. दुसरा कुमाऊंतला. पिथौरागढजवळच्या थाकिल डोंगरावर, सुमारे दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, जेथे हिवाळ्यात बर्फ साचून राहते अशा उताराच्या रानात ताड उभे आहेत, असे एडवर्ड मॅडेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात लिहून ठेवले होते. बर्फातला ताड ही वार्ता तेव्हा कित्येकांना भाकडकथा वाटली असेल. १९०५ मध्ये इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ बेकारी याने त्याला स्वतंत्र जात ठरवून त्या डोंगराचेच नाव दिले. ज्याच्या बियाण्यातच बर्फ सोसण्याचा गुण आहे, असा हा ताड डार्विनच्या म्हणण्याचे जिवंत उदाहरण होय.

या सर्व जातींचा एकत्र अभ्यास मुंबईत झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयातले जेझुइट धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर यांनी मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाच्या नियतकालिकातून हिंदुस्थान व सिंहलद्वीप येथील ताड-कुळांवर लेखमाला लिहिली आणि १९२६ मध्ये ती ग्रंथरूपाने निघाली. कोकणातला भेरली माड, देशावरची शिंदी, बलुचिस्तानच्या ओसाड खडकांत उगवणारी मझरी, हिमालयातला हा ताड, सारे त्यात एका पंक्तीस बसले आहेत. ब्लॅटर मूळचे स्वित्झर्लंडचे; १९०३ मध्ये मुंबईस आले, १९३४ मध्ये पुण्यास वारले. त्यांचा वनस्पति-संग्रह त्यांच्याच नावाने मुंबईत आजही आहे.

स्वित्झर्लंडचे नाव निघालेच आहे, तर तेथे पुढे जे घडले तेही सांगितले पाहिजे. आल्प्सच्या दक्षिण उतारावर, तिचिनो प्रांतातल्या सरोवरांकाठी, श्रीमंतांच्या बागांत चुसानचा ताड शोभेसाठी लावला गेला. शे-पाऊणशे वर्षे तो बागेतच राहिला. बी पडे, रोप उगवे आणि हिवाळ्यात मरे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिवाळे सौम्य होत गेले, पाखरांनी बिया रानात नेल्या आणि चेस्टनटच्या जंगलाखाली ताडांचे रान माजू लागले. झाड बदलले नाही, हिवाळा बदलला. जुन्या पंडितांना जे साधायचे होते ते असे उलट्या वाटेने साधले. १ सप्टेंबर २०२४ पासून त्या देशाने या ताडाची विक्री बंद केली आहे. ज्याला थंडीतून वाचविण्यासाठी शेंड्याला पेंढा बांधीत, त्याला आता उपटून काढण्यासाठी माणसे लावावी लागतात.

कुमाऊंतल्या भावाची कथा नेमकी याच्या विरुद्ध आहे. त्याच्याही खोडावर दाट केसाळ तंतू असतात आणि त्याचेही दोर वळतात. त्यासाठी मोठी झाडे तोडली गेली. चीनमधल्या शेतकऱ्याने त्या झाडाची लागवड केली, म्हणून ते वाढले; कुमाऊंतल्या ताडाला रानाबाहेर कुणी नेले नाही, म्हणून ते घटले. नैनितालच्या आसपास लावलेली काही झाडे दिसतात, युरोपातले हौशी बागवान त्याचे बी मिळविण्यासाठी धडपडतात, पण मूळ डोंगरावर तो दुर्मिळ झाला आहे. एखाद्या झाडाचे देशांतर हे त्याच्यावरचे संकट आहे की त्याचा बचाव, याचा निवाडा दोन भावांच्या बाबतीत दोन प्रकारे होतो, आणि एकाच नियमाने तो करू पाहणाऱ्याने चुसान आणि थाकिल ही दोन्ही गावे पाहिलेली बरी. लालबागेसारख्या संस्थांचे खरे काम येथे आहे. परदेशी झाड रुजविणे ही त्यांची हौस झाली. आपल्याच डोंगरावरचे झाड नाहीसे होण्यापूर्वी त्याचे बी जपून ठेवणे हे मात्र त्यांचे कर्तव्य मानले पाहिजे. पहिल्या कामासाठी दोन शतके राजे-महाराजे आणि गव्हर्नर पैसे देत आले. दुसऱ्या कामाचे फुलांच्या प्रदर्शनासारखे तिकीट लावता येत नाही.

चामराजपेटेतही अंगणे कमी होत चालली आहेत. जुन्या घराच्या जागी चार मजले चढतात, आणि पाया खणताना प्रथम मागचा माड जातो. पण ताडाची हौस गेलेली नाही. ती सज्ज्यात आली आहे. लालबागेच्या रोपवाटिकेतून कुंडीत लावलेला ‘एरिका पाम’ रिक्षातून घरी नेतात. नावावरून ती पोफळ वाटते, परंतु पोफळीशी तिचे नाते दूरचे. हे झाड मादागास्कर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचे आहे. तेथील रानांत ते आता विरळ झाले आहे. चामराजपेटेत मात्र एकेका मजल्यावर त्याच्या तीन-तीन कुंड्या असतात.